उतरा, बंदर आले!

करंजीवाचून फराळाचे ताट नाही, तसा प्रवासवर्णनावाचून दिवाळी अंक नाही. त्यांतली आगबोटीच्या सफरींची वर्णने मी गेली काही वर्षे मुद्दाम वाचीत आले आहे, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचीत आले आहे. कारण मी बालवाडीची बाई आहे, पेन्सिलीवाचून वाचणे मला जमत नाही. न्याहरीला किती पदार्थ होते, शाकाहारी माणसाची सोय कशी झाली, पलंगावर टॉवेलचा हत्ती करून कोणी ठेवला, रात्रीच्या नाचगाण्यात कोणाच्या यजमानांना हात धरून ओढले, हे सारे सविस्तर येते. आणि मग शेवटी, भाताच्या शेवटी ताक यावे तसे, एक वाक्य येते : "बेटही फार सुंदर होते."

या एका वाक्याशी माझे भांडण आहे. सणाच्या दिवसांत भांडू नये म्हणतात. पण आमच्याकडे फराळ करता करता जितकी भांडणे होतात तितकी एरवी वर्षभर होत नाहीत. तेव्हा वाचकांनी एक चकली हातात घ्यावी आणि ऐकावे.

प्रथम माझा अधिकार सांगते. तो फारसा नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या. माझी थोरली बहीण अमेरिकेत असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने आणि भाऊजींनी मला हवाई बेटांच्या सफरीला नेले. विमानाचे पैसे मी भरले, त्यात माझी भिशी आणि तिसऱ्या कादंबरीचे मानधन संपले. बोटीचे पैसे ताईने भरले. म्हणजे मी अर्धी पाहुणी आणि अर्धी गिऱ्हाईक होते. दोन्ही बाजूंनी बोलायला एवढे पुरे.

आता पहिल्या प्रतिपक्षाकडे वळते. हे "खरे प्रवासी". आमच्या वाचनालयात एका गृहस्थांचे व्याख्यान झाले. ते म्हणाले की, बोटीची सफर हा प्रवासच नव्हे. सकाळी उतरायचे, संध्याकाळी चढायचे, म्हणजे बंदराला शिवून पळणे. एका गावी महिनाभर राहावे, तिथल्या माणसांत मिसळावे, तेव्हा कुठे गाव कळते. सभेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, घरी येताना मात्र मला त्यांचा राग आला. महिनाभर परगावी राहण्याची ऐपत आणि रजा किती जणांना असते? ज्याला आयुष्यात एकदा आठ दिवस मिळतात, त्याने काय घरीच बसावे?

माझ्या आजीचे माहेर हर्णैकडचे. ती सांगे त्या कोकण बोटीच्या गोष्टी कोकणात घरोघरी आहेत. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत जाई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन उतारूंना किनाऱ्याला नेई. आजी दाभोळला पाऊण तास थांबलेली बोट आणि तिथे पडावात चढलेली नवी नवरी यांची हकिकत अशी सांगे की, दाभोळात जन्म काढलेल्या माणसाला ती सांगता आली नसती. किती वेळ थांबलात यावर पाहणे ठरत नाही; त्या वेळात तुमचे डोळे कोठे होते यावर ते ठरते.

आणि बंदराबंदराने हिंडणाऱ्याला हसायचे तर खुद्द हवाईच्या राजालाच हसावे लागेल. राजा कालाकाउआ १८८१ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. राज्यावर असताना जगाची फेरी पुरी करणारा तो पहिला राजा. जपान, चीन, सयाम असे करीत तो हिंदुस्थानात आला आणि आपली मुंबईही पाहून गेला. कोठेच तो फार दिवस राहिला नाही. पण तो मौजेखातरच निघाला नव्हता. परदेशी रोगांनी त्याची प्रजा झपाट्याने घटत होती, मळ्यांना माणसे हवी होती, आणि मोठी राष्ट्रे आपले राज्य गिळतील ही धास्ती होती. मनात प्रश्न घेऊन निघालेल्या माणसाला थोडा मुक्कामही पुष्कळ शिकवतो.

या सफरीत समुद्रावर नुसता काढलेला दिवस एकही नसतो. ज्या बोटीने आम्ही गेलो ती शनिवारी संध्याकाळी ओआहू बेटावरचे होनोलुलु सोडते. रविवार-सोमवार माउई बेटावरचे काहुलुई, मंगळवारी हिलो, बुधवारी त्याच मोठ्या बेटाच्या दुसऱ्या अंगाला कोना, गुरुवार-शुक्रवार काउआईचे नाविलीविली, आणि शनिवारी सकाळी परत होनोलुलु. चार बेटे, सात रात्री. हे असे का जमते, त्यामागे अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी निशाणाच्या जहाजाने परदेशी बंदराला न शिवता केवळ अमेरिकेच्या बंदरांत उतारू हिंडवू नयेत, असे तो सांगतो. म्हणून परदेशी निशाणाची बोट कॅलिफोर्नियाहून हवाईला येते ती जाता-येता चार-पाच दिवस पाणीच पाहत येते, आणि वाटेत मेक्सिकोच्या बंदराला शिवते. हवाईतच राहून नित्य बंदर गाठायचे तर जहाज अमेरिकेच्या निशाणाचे लागते. शिवाय हवाईत जुगाराला बंदी आहे, त्यामुळे या बोटीवर जुगाराचे दालनही नाही. बोटीवरच गुंतून पडण्याची सबब एकाने तरी कमी.

तरीही माणसे गुंततात! आता हा दुसरा प्रतिपक्ष, आणि माझा खरा राग यांच्यावर आहे. हिलोला वर्षाकाठी सुमारे सव्वाशे इंच पाऊस पडतो. आम्ही लागलो त्या सकाळीही पडत होता. आपल्याकडचीच दोन कुटुंबे जेवणाच्या दालनात बसून राहिली. "पावसात काय उतरायचे? इथे गरम गरम मिळते आहे." मी कोकणातली, पाऊस पाहून घरात बसायचे म्हटले तर आमची जून ते सप्टेंबर शाळाच भरायची नाही. ज्यांनी हजारो किलोमीटरवर येऊन डोशाची चौकशी केली, त्यांना मी काय म्हणावे? डोसा आपल्या गल्लीत मिळतो. हिलो मिळत नाही.

निघण्याआधी मी एक वही केली होती. भाऊजी बोटीच्या कंपनीचे सहलपत्रक घेऊन बसले होते. त्यात एकेका बंदरावर वीस-वीस गोष्टी. मी म्हटले, "भाऊजी, बालवाडीत एका दिवशी एकच अक्षर शिकवतात. तुम्ही एका दिवशी बाराखडी संपवणार?" ते हसले. पण माझी अट त्यांनी मानली : एका बंदरास एक गोष्ट, आणि त्या गोष्टीविषयी आधी वाचायचे. जो वाचणार नाही त्याने निवडायचे नाही. बाकीच्या व्यवस्था सोप्या होत्या. बोटीच्या सहली महाग पडतात. चौघांत मिळून भाड्याची मोटर स्वस्त. बोट सुटण्याच्या वेळेआधी एक तास पाय बंदरावर हवा, कारण बोट कोणासाठी थांबत नाही. उन्हाचा मलम घेताना त्यावरचे नाव वाचायचे. प्रवाळाला घातक अशी दोन द्रव्ये असलेले मलम विकण्यास हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. एवढे झाले की आखणी झाली.

हिलोला ताई-भाऊजी किलाउएआ ज्वालामुखी पाहायला गेले. डिसेंबर २०२४ पासून तो थांबून थांबून उसळतो आहे; पण बोटीच्या वेळापत्रकाशी त्याचा काही करार नाही, आणि त्या दिवशी त्याने नुसता धूर दाखवला. मी आणि माझी दहा वर्षांची भाची एका घड्याळापाशी गेलो. रस्त्याकडेला खांबावरचे हिरवे घड्याळ. त्यात एक वाजून चार मिनिटे झाली आहेत आणि ती १९६० सालापासून झालेलीच आहेत. २२ मे १९६० रोजी चिलीत भूकंप झाला. त्याची लाट अर्धा महासागर ओलांडून पंधराएक तासांनी, २३ मेच्या मध्यरात्रीनंतर, हिलोवर आली. ६१ माणसे गेली. भोंगे चार तास आधी वाजले होते. कित्येकांनी ते मनावर घेतले नाहीत, आणि काही जण तर लाट कशी असते ते पाहायला किनाऱ्याकडे गेले.

त्याच्या चौदा वर्षे आधी, १ एप्रिल १९४६ रोजी, अशीच लाट आली होती. या किनाऱ्यावरच्या लाउपाहोएहोए गावच्या शाळेत सकाळी मुले जमत होती. समुद्र एकाएकी मागे हटला म्हणून ती पाहायला धावली. कोणी ओरडले तर एप्रिल फूलची थट्टा वाटली. मुले गेली, त्यांच्याबरोबर शिक्षकही गेले. त्या दिवशी हवाईत १५९ माणसे मेली, आणि त्यातूनच १९४९ मध्ये लाटांची आगाऊ सूचना देणारे केंद्र उभे राहिले.

भाची म्हणाली, "मावशी, बाईंनी त्यांना हाक नाही मारली?" मी म्हटले, "मारली असेल." पावसात त्या घड्याळापाशी आम्ही अर्धा तास उभ्या होतो. बोटीवर आल्यावर एका बाईंनी विचारले, "काय पाहिले?" मी म्हटले, "बंद पडलेले घड्याळ." त्या मोठ्याने हसल्या. त्यांना दोष देत नाही. पण ते घड्याळ पाहायचे असते हे सफरीच्या पत्रकात कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

आता तिसरा प्रतिपक्ष, आणि तो मीच आहे. हे लिहायचे की नाही असा प्रश्न होता. पण दुसऱ्याच्या वहीवर लाल पेन्सिल फिरवणारीने आपली वही लपवू नये.

माउईला आम्ही दोन दिवस होतो. पहिल्या दिवशी हालेआकाला, १०,०२३ फूट; वर थंडीने दात वाजले आणि ढग पायांखाली आले, त्याबद्दल आणखी लिहीत नाही, कारण त्याचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी माझी गोष्ट : साखर. बंदराजवळच पुउनेने येथे हवाईतला शेवटचा साखर कारखाना होता. तो डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. १८३५ पासून चाललेला धंदा असा संपला. तिथल्या संग्रहालयात मळ्यांवरच्या माणसांची कथा आहे. चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो अशी माणसे बोटी भरभरून आणली गेली. त्यांना मुकादम नावाने हाक मारीत नसे. धातूच्या बिल्ल्यावरचा आकडा हेच त्यांचे नाव. आज जी बंदरे आपण मौजेसाठी गाठतो ती साखर चढवायला आणि माणसे उतरवायला वापरात होती. उसाबरोबर उंदीर वाढले, तेव्हा मळेवाल्यांनी १८८३ मध्ये जमैकाहून मुंगुसे आणली. जमैकाला ती कलकत्त्याहून गेली होती. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, हे कोणी पाहिले नाही. मुंगुसांनी पक्ष्यांची अंडी फस्त केली. न वाचता केलेल्या आखणीचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

परत येताना आम्ही भाड्याची मोटर सोडून दुसऱ्या गाडीने बंदरावर येत होतो. गाडीवाला तिथलाच, पन्नाशीचा. लाहाइना या गावाविषयी मी वाचले होते. १८४५ पर्यंत ती हवाईच्या राजांची राजधानी होती. ८ ऑगस्ट २०२३ रोजी वाऱ्याने पेटलेल्या आगीत ते गाव जळाले, शंभरावर माणसे गेली, दोन हजारांवर इमारती राख झाल्या. तिथे १८७३ साली लावलेला एक वड आहे आणि तो हिंदुस्थानातून आणलेला आहे. आगीत तो होरपळला आणि काही आठवड्यांतच त्याला पालवी फुटली. हे सारे वहीत होते. मी मोठ्या उत्साहाने विचारले, "ते जळलेले गाव इथून जाऊन पाहता येईल का?"

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती पाहण्याची जागा नाही. माझी मावशी तिथे राहायची."

ताईने माझ्याकडे पाहिले. तिला जे आठवले तेच मलाही आठवले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. आमच्या सुपारीच्या वाडीत एक झाड उभे राहिले नाही. आजोबांनी लावलेली झाडे काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडली होती. आणि पंधरा दिवसांनी गाडीतून उतरलेले एक कुटुंब आमच्या कुंपणाशी उभे राहून फोटो काढीत होते. त्यांतल्या बाई आईला म्हणाल्या, "जरा बाजूला होता का?" आई बाजूला झाली. मी मात्र त्यांना असे काही बोलले की ते मी कादंबरीतही लिहिले नाही. पाच वर्षे त्या बाईंना मी मनातल्या मनात बोलत होते. आणि माउईवर एका गाडीत मागच्या बाकावर त्याच बाई बसल्या होत्या, माझे लुगडे नेसून.

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "तुम्ही वडाविषयी विचारलेत, ते चांगले केलेत." बंदर येईपर्यंत तो त्या वडाखाली आपल्या लहानपणी भरणाऱ्या जत्रेविषयी बोलत होता. वहीत जे नव्हते ते सगळे त्यानेच दिले.

म्हणून "वाचून जा" एवढे सांगून मी थांबत नाही. वाचूनही माणूस निर्लज्ज राहू शकतो, त्याचा पुरावा मी. वाचणे हे पहिले. ज्याच्या घरात आपण आलो त्याच्या तोंडाकडे पाहणे हे दुसरे.

आणि ज्या शब्दामुळे आपण त्या तोंडाकडे पाहत नाही तो शब्द म्हणजे "नंदनवन". पहिल्या रात्री मीही शाळेतल्या बायकांना निरोप पाठवला होता : "नंदनवनात पोहोचले." नंदनवनात कोणी राहत नाही, तिथे देव येतात-जातात आणि बाकीचे चवऱ्या ढाळतात. हवाईत माणसे राहतात. त्यांचे राज्य होते. होनोलुलुला, सफरीच्या आधीच्या दिवशी, आम्ही इओलानी राजवाडा पाहिला. १८८२ साली तो पुरा झाला. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन सैनिक शहरात उतरले असताना साखरवाल्या आणि मिशनरी घराण्यांतल्या मंडळींनी राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. लाहाइनाचा वड लावणारा जो अधिकारी, विल्यम ओवेन स्मिथ, तोही त्या मंडळींत होता. १८९५ मध्ये राणीला त्याच राजवाड्यातल्या वरच्या मजल्याच्या एका खोलीत महिनोन् महिने कोंडले. तिथे तिने आणि तिच्या सोबतिणीने तुकडे जोडून गोधडी शिवली. ती गोधडी आजही तिथे आहे. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, १९५९ मध्ये राज्य झाले, आणि १९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या संसदेने ठराव करून क्षमा मागितली. नंदनवनाची कोणी क्षमा मागत नाही; देशाची मागतात.

कोणी म्हणेल, मग जाताच कशाला? हा सवाल तिथले मूळ रहिवासीही करतात, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पाहुण्यांनी घरभाडी वाढतात, पाणी जाते, किनारे भरतात. हे आमच्या किनाऱ्यावर मी रोज पाहते. त्याच पाहुण्यांवर आमच्या गल्लीतली चार घरे जेवतात, हेही पाहते. पाहुणा नको असे त्या चार घरांना मी सांगू शकत नाही. पाहुणा कसाही वागला तरी चालेल असेही नाही. हवाई राज्याने २०२५ मध्ये निसर्गरक्षणासाठी पाहुण्यांवरचा कर वाढवणारा कायदा केला आणि बोटीच्या उतारूंनाही त्यात धरले, तेव्हा जहाजांचा धंदा न्यायालयात गेला. कायद्याचे मला कळत नाही. पण आमच्याकडे लग्नाला आलेला पाहुणा आहेर द्यायला कुरकुरला तर त्याला काय म्हणतात, ते मला कळते.

कोनाला मोठ्या बोटीला धक्का नाही. बोट बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्या येऊन माणसांना किनाऱ्याला नेतात. होडीत पाऊल टाकताना मला आजी आठवली. पुढच्या माणसाने हात दिला तोही तसाच. काउआईला मुंगूस नाही म्हणून कोंबड्या मोकाट; १९९२ च्या वादळाने खुराडी मोडली तेव्हापासून त्या आणखी वाढल्या म्हणतात. शुक्रवारी दुपारी बोट ना पालीच्या कड्यांवरून गेली. 'पाली' म्हणजे त्यांच्या भाषेत कडा. आम्हा रायगडकरांना बल्लाळेश्वर आठवला. चार हजार फुटांपर्यंतचे ते हिरवे कडे पाहत सारी बोट कठड्याशी गप्प उभी होती. मीही सुखाने उभी होते. मौज करू नये असे मी कोठे म्हटले आहे? सहा दिवस उतरून आल्यावर सातव्या दिवशी बोटीवरून पाहण्याचा हक्क माणसाला येतो, एवढेच.

शाळा सुरू झाल्यावर मुलांना मी त्या वडाची गोष्ट सांगितली. नंदनवनाची सांगितली नाही.

तेव्हा ज्यांची पुढच्या सुट्टीची तिकिटे काढून झाली आहेत, त्यांना हवाई असो की अंदमान, माझे हात जोडून सांगणे आहे. घरी असतानाच एका बंदराची एक गोष्ट वाचा. तिथे गेलात की विचारण्याआधी एकदा पाहा, की आपण कोणाच्या कुंपणाशी उभे आहोत. आणि जेवणाच्या दालनात बसून राहू नका. पाऊस असला तरी. आजीच्या बोटीवर खलाशी दाराशी येऊन जी आरोळी देई, तीच मी देते : उतरा, बंदर आले!